विमाने येतील, सुट्या भागांचे काय?

लढाऊ विमानांच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, की राजधानीत किमतीची आणि संख्येची चर्चा रंगते. ही विमाने पुढील तीस वर्षे उडती कशी राहणार, हा प्रश्न मात्र संसदेत क्वचितच उपस्थित होतो. विमानवाहू नौकांवरील विमानांच्या बाबतीत तर तोच निर्णायक असतो.

नौकेच्या आखूड धावपट्टीवर विमान जवळजवळ आदळतच उतरते. शेपटीजवळचा आकडा पोलादी दोरात अडकतो आणि काही क्षणांत वेग संपतो. शिवाय खारी हवा असतेच. साहजिकच झीज अधिक होते, आणि भर समुद्रात नौकेच्या कोठारात असतील तेवढेच सुटे भाग हाताशी असतात. हवा तो भाग नसेल, तर एका विमानाचा काढून दुसऱ्याला बसवावा लागतो.

विमानवाहू नौकांसाठी भारताने रशियाकडून २००४ मध्ये १६ आणि २०१० मध्ये आणखी २९ मिग-२९के श्रेणीची विमाने मागविली. 'कॅग'ने जुलै २०१६ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालाने त्यांचे वास्तव उघड केले. एक आसनी विमानांची उड्डाणसज्जता अवघी १५.९३ ते ३७.६३ टक्के होती. ६५ पैकी ४० इंजिने रचनेशी निगडित दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती. हे विमान भारत आणि रशिया या दोनच देशांचे नौदल वापरते. त्यामुळे सुट्या भागांसाठी दुसरे दार ठोठावण्याची सोय नाही.

सुटे भाग हे राजकारणाचेही हत्यार असते. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा नौदलाच्या ब्रिटिश बनावटीच्या 'सी किंग' हेलिकॉप्टरांनाही त्यांची झळ बसली, कारण त्यांत अमेरिकी भाग होते. इराणचा अनुभव अधिक बोलका आहे. शहांच्या राजवटीत त्या देशाने अमेरिकी नौदलासाठी घडविलेली ७९ 'एफ-१४' विमाने घेतली. अमेरिकी नौदलाने हे विमान २००६ मध्ये निवृत्त केले. पण त्याचे भाग तेहरानला पोचू नयेत, म्हणून २००७ मध्ये त्यांची विक्रीच थांबविण्यात आली.

या पार्श्वभूमीवर २८ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सशी झालेल्या २६ राफेल-एम विमानांच्या कराराकडे पाहावयास हवे. सुमारे ६३ हजार कोटी रुपयांच्या या व्यवहारात कामगिरीवर आधारित देखभालीची तरतूद आहे. अशा व्यवस्थेत पुरवठादाराची बांधिलकी केवळ भाग विकण्यापुरती राहत नाही. विमाने ठरलेल्या प्रमाणात सज्ज ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. इंजिने व संवेदकांच्या दुरुस्तीची सोय भारतात उभारण्याचेही करारात आहे. हवाई दलाकडे ३६ राफेल आधीच असल्याने बरेच भाग सामाईक ठरतील, हा आणखी एक लाभ.

तथापि, कागदावरील तरतूद आणि कोठारातील साठा यांत अंतर पडते, हे मिगच्या अनुभवाने दाखविले आहे. सर्व विमाने २०३० पर्यंत मिळावयाची आहेत. तोवर देशातील दुरुस्ती केंद्रे किती पुढे सरकली आणि कोणते भाग येथेच बनू लागले, याचा हिशेब संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने दरवर्षी मागावयास हवा. अन्यथा नौकेवर किती विमाने उड्डाणास सज्ज आहेत, हे पुन्हा लेखापरीक्षकांकडूनच कळेल. आणि तोपर्यंत त्याची किंमत वैमानिकांनी मोजलेली असेल.