चाहत्यांच्या वर्गणीवर खेळाडू

ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून असा निरोप येतो: आपल्या विंगमधल्या मुलीची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली आहे, प्रवासाचा आणि किटचा खर्च मोठा आहे, जमेल तशी मदत करा. खाली यूपीआयचा कोड. काही जण लगेच पैसे पाठवतात, आणि मग चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, हे सरकारचं काम. कुणाचा भाचा अमेरिकेत शिकत असतो, तो सांगतो की तिकडे कॉलेजच्या खेळाडूंना चाहतेच पैसे देतात, वेबसाइटचे सभासद होऊन दरमहा रक्कम भरतात. कुणाला करसवलतीची शंका असते. यातली बरीच विधानं अर्धी खरी असतात. सरस्वतीच्या क्रीडा संकुलात किंवा दादोजी कोंडदेव स्टेडियमवर मुलांना पहाटे सोडायला जाणाऱ्या आईबापांच्या खिशाशी त्यांचा संबंध आहे, म्हणून ती नीट तपासून घ्यायला हवीत.

“चाहत्यांनी खेळाडू पोसणं हे अमेरिकेचं फॅड आहे.”

स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक वर्गणीतून आलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. तिथे फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तोवर कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं. राजाश्रय संपला होता आणि त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. मधली पोकळी लोकांनी भरली. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आणि कराडच्या दुकानदारांनी पैसे गोळा केले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. परतल्यावर दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळे सांगतात. त्यानंतरची गोष्ट फार कमी जण सांगतात: खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे पैसे परत केले.

मला या हकिगतीतली ही फेड मिरवणुकीपेक्षा मोठी वाटते. देणाऱ्यांनी अट घातली नव्हती, घेणाऱ्याने हिशेब ठेवला. पण या कथेचं नुसतं कौतुक करत राहणंही बरोबर नाही. प्राचार्याने घर गहाण ठेवलं तरच मल्ल ऑलिंपिकला जातो, अशी स्थिती कुठल्याही समाजाने व्यवस्था म्हणून मिरवू नये. घर गेलं असतं तर? पदक आलं नसतं तर? खर्डेकरांच्या उदारपणाकडे बघताना हे प्रश्नही विचारले पाहिजेत.

“अमेरिकेत चाहते खेळाडूंना पगार देतात.”

तिथली रचना जरा वेगळी आहे. अमेरिकन कॉलेज-खेळांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा दीर्घकाळ असा दंडक होता की विद्यार्थी खेळाडूला शिष्यवृत्ती मिळेल, पण स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देऊन त्याने पैसे कमवायचे नाहीत. सत्तर-ऐंशी हजारांची स्टेडियम भरत, दूरचित्रवाणीचे करार होत, प्रशिक्षक कोट्यधीश होत, आणि मैदानात उतरणाऱ्या मुलाला आपल्या सहीचे पैसे घेता येत नसत. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला. तो निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण त्याने आणि वेगवेगळ्या राज्यांनी केलेल्या कायद्यांनी एनसीएएचा हात पिरगळला. १ जुलै २०२१ पासून जाहिरातींचा मार्ग मोकळा झाला.

त्यानंतर विद्यापीठागणिक ‘कलेक्टिव्ह’ नावाच्या संस्था निघाल्या. माजी विद्यार्थी, गावातले व्यापारी आणि साधे चाहते यांचे पैसे तिथे जमा होतात. मोठे देणगीदार एकरकमी देतात. सामान्य चाहत्यासाठी सभासदत्वाच्या वेबसाइट असतात: दरमहा काही डॉलर भरा, त्या बदल्यात खेळाडूंचे खास व्हिडिओ पाहा, ऑनलाइन गप्पांना बसा, सही केलेली वस्तू मिळवा. कलेक्टिव्ह खेळाडूशी करार करते आणि खेळाडू कार्यक्रमाला हजेरी, सही, प्रचार असं काहीतरी देतो. कागदावर हा मोबदला जाहिरातीचा असतो. खेळण्याबद्दल किंवा अमुक विद्यापीठात येण्याबद्दल पैसे देणं नियमात बसत नव्हतं. प्रत्यक्षात मोठा पैसा चांगला खेळाडू ओढून आणण्यासाठीच वापरला गेला, आणि भांडणं तिथूनच निघाली.

सर्वांत गाजलेलं प्रकरण जेडन रशाडा या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी क्वार्टरबॅकचं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या चाहत्यांची ‘गेटर कलेक्टिव्ह’ ही सभासदत्वावर चालणारी संस्था होती. तिच्याशी झालेला करार १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा होता, आणि ठरल्याप्रमाणे पैसे देण्याची वेळ आली तेव्हा तो रद्द झाला. मुलगा दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि २०२४ मध्ये प्रकरण न्यायालयात पोहोचलं. दर महिन्याला पाच-दहा डॉलर भरणाऱ्या चाहत्यांच्या जिवावर एवढे आकडे उभे राहत नाहीत. ते राहतात चार-दोन श्रीमंतांच्या शब्दावर, आणि शब्द फिरतो.

आता तिथलं चित्र पुन्हा बदललं आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना उत्पन्नाचा वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची. बाहेरून होणारे ६०० डॉलरवरचे जाहिरात करार तपासणीसाठी कळवावे लागतात. म्हणजे भाच्याने सांगितलं ते खोटं नाही, पण शिळं होत चाललं आहे.

“मुलाला अमेरिकेत खेळाची शिष्यवृत्ती मिळाली की जाहिरातींचे पैसेही मिळतील.”

ठाण्या-डोंबिवलीतल्या टेनिस, जलतरण, बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांच्या घरी हे वाक्य कानावर पडतं, म्हणून इथे स्पष्ट सांगायला हवं: भारतातून एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकेत राहून कुठलंही काम करून पैसे मिळवण्याची मोकळीक नाही. विद्यापीठाच्या आवारातलं मर्यादित काम आणि अभ्यासक्रमाशी जोडलेलं प्रशिक्षण यापलीकडे गेलं की व्हिसा धोक्यात येतो. जाहिरातीसाठी उभं राहणं, पैसे घेऊन सह्या देणं हे काम धरलं जाऊ शकतं. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला. तो कॅनडाचा. सोबतचे अमेरिकन खेळाडू जे करार सहज करत होते, ते त्याला व्हिसामुळे तसे करता आले नाहीत. एवढ्या उंचीच्या खेळाडूची ही गत, तर आपल्या मुलांनी या पैशावर बेत आखू नयेत. व्हिसाच्या वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही कलेक्टिव्हच्या कागदावर सही नको.

शिष्यवृत्ती मात्र खरी आहे आणि तिचं मोलही खरं आहे. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. तेव्हा जाहिरातींचा हा मार्ग उघडलाही नव्हता. पुढे हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.

“सरकार देतं, मग आपण कशाला?”

सरकार देतं, हे खरं आहे आणि पूर्वीपेक्षा बरंच जास्त देतं. खेलो इंडियासाठी निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाख रुपयांची तरतूद आहे. त्यातले १.२० लाख, म्हणजे महिन्याला १०,००० रुपये, खेळाडूच्या हातखर्चासाठी असतात. ऑलिंपिकच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूंसाठी टॉप्स योजना आहे, तिच्यात मुख्य गटातल्यांना महिन्याला ५०,००० भत्ता मिळतो. पण या दोन्ही योजना निवड झालेल्यांसाठी आहेत. निवड होईपर्यंतची पाच-सात वर्षं कोण सांभाळतं? बूट, छर्रे, शटल, फिजिओ, राज्य स्पर्धेसाठी केलेली रेल्वेची तिकिटं, आईने सोडलेली नोकरी? हा सगळा काळ कुटुंब सांभाळतं, आणि तिथेच बहुतेक मुलं गळतात.

बक्षिसांचा ओघ तर आणखी उशिरा सुरू होतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्य जिंकलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राज्य सरकारने लगेच १ कोटी रुपये जाहीर केले. ते योग्यच होतं. पण पदकानंतरचा कोट रुपया पदकाआधीच्या दहा हजारांची जागा घेऊ शकत नाही. लोकांच्या लहान लहान वर्गणीचा उपयोग नेमका त्या आधीच्या काळात आहे.

सोपा हिशेब करून पाहा. नौपाड्यातल्या ५० घरांनी महिन्याला २०० रुपये बाजूला ठेवले तर १०,००० होतात. खेलो इंडियाच्या हातखर्चाएवढी रक्कम, आणि तीही निवड समितीची वाट न बघता.

“नाव झालं की पैसा आपोआप येतो.”

याचं उत्तर कल्याणमध्ये आहे. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासून टिकलेला ए. ई. जे. कॉलिन्सचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. वडील रिक्षा चालवणारे, मुलगा पंधरा वर्षांचा, दारात कॅमेऱ्यांची रांग. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी महिन्याला १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. दीडेक वर्षाने, मनासारख्या धावा होत नाहीत हे पाहून, ही रक्कम थांबवावी असं वडिलांनीच असोसिएशनला कळवलं.

मला ही घटना फार बोलकी वाटते. संस्थेने आपला शब्द मोडला नव्हता. मदत बंद करा असं कुटुंब म्हणालं, कारण तिच्याबरोबर आलेली अपेक्षा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पेलवेनाशी झाली होती. एका डावाच्या बातमीवर उसळलेलं कौतुक आणि दरमहा शांतपणे मिळणारा आधार यांत फरक असतो तो हाच. वर्गणी देणाऱ्याने आधी मनाशी ठरवलं पाहिजे: आपण धावांचे पैसे देतोय की सरावाचे? सरावाचे देत असू तर शून्यावर बाद झालेल्या महिन्यातही ते जायला हवेत.

“खेळाडूला दिलेले पैसे म्हणजे दान, करसवलत मिळणारच.”

मुलाच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या खात्यावर थेट पाठवलेल्या पैशांवर देणगीची करसवलत मिळत नाही. ती फक्त मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर असते, आणि नव्या करप्रणालीत तीही नाही. घेणाऱ्याच्या बाजूने पाहायचं तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० च्या वर गेली की ती सगळीच त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. दोन सोसायट्यांच्या उत्साहात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सभासदत्वाच्या बदल्यात काही दिलं जात असेल, सही, टी-शर्ट किंवा शिकवणी, तर ते दान उरतच नाही, उत्पन्न होतं. अमेरिकेच्या करखात्यानेही २०२३ मध्ये हेच म्हटलं की अनेक कलेक्टिव्ह धर्मादाय संस्थांच्या करमाफीला पात्र ठरणार नाहीत.

परदेशी स्थायिक झालेल्या नौपाडकरांसाठी आणखी एक गोष्ट. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत इथल्या संस्थेला पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याने पाठवलेले धरले जातात, आणि त्यासाठी संस्थेकडे परकीय देणगीची नोंदणी लागते.

म्हणून सरळ मार्ग संस्थेचा. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी उभी केलेली ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट लोकांच्या आणि कंपन्यांच्या देणग्यांवर खेळाडूंना मदत करते. गल्लीच्या पातळीवर करायचं असेल तर नोंदणीकृत व्यायामशाळा किंवा क्रीडा मंडळाच्या खात्यातून करावं. गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतात, तेव्हा ही वाट आपल्या कार्यकर्त्यांना अनोळखी नाही.

“पैसे दिले, आता खेळाडूने आमचं ऐकावं.”

दहीहंडीला छातीवर प्रायोजकाचं नाव आणि नेत्याचा फोटो असलेले टी-शर्ट घालून थर लावणारी कॉलेजची मुलं ठाण्याला नवी नाहीत. तीही जाहिरातच असते, फक्त तिचा करार कुणी पाहिलेला नसतो. खेळाडूच्या बाबतीत असं चालू नये. १८ वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेल्या कराराला कायद्यात किंमत नाही, सही पालकांची लागते. त्यामुळे किती वर्षं, कोणती उत्पादनं, किती हजेऱ्या आणि दुखापत झाली तर काय, हे पालकांनी वाचायचं असतं. पैसे घेऊन समाजमाध्यमांवर एखाद्या वस्तूची तारीफ केली तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, खेळाडू कितीही लहान असला तरी. वर्गणीदारांना वर्षातून एकदा जमाखर्चाचा कागद मिळावा: छर्रे किती, प्रवास किती, फिजिओ किती. तेवढं मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. कोणत्या प्रशिक्षकाकडे जायचं, कोणती स्पर्धा सोडायची, दहावीच्या वर्षी खेळ थांबवायचा की नाही, हे मात्र त्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचं.