अशेरी : एका गडाचे नाव व त्याचा इतिहास

चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यापासून पूर्वेस, मेंढवण खिंडीजवळ अशेरीगड उभा आहे. पायथ्याचे गाव खोडकोना. कातळात खोदलेल्या पायऱ्या व पाण्याची टाकी, देवीची गुहा आणि माथ्यावर पडून असलेली पोर्तुगीज राजचिन्हाची शिळा, एवढाच आज गडाचा ऐवज आहे.

हा गड शिलाहार भोजाने बांधला, असे सांगण्याचा प्रघात पडला आहे. तो तपासून घेणे इष्ट. दुसरा भोज हा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कोल्हापूर शाखेचा राजा. उत्तर कोकणावर ठाण्याच्या स्वतंत्र शाखेचे राज्य होते. कोल्हापूरकडील किल्ल्यांची कथा सह्याद्री ओलांडून इकडे आली असावी, असे मानण्यास जागा आहे. याउलट या प्रदेशाचा समकालीन पुरावा खुद्द चिंचणीस सापडलेल्या ताम्रपटांत आहे. १९५५ साली हाती आलेले हे ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनी प्रसिद्ध केले. त्यांतील शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूट लेखात संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रांताचा, ताजिक अधिकारी ‘मधुमति’ या नावाने येतो. ‘महंमद’ या नावास दिलेले हे संस्कृत रूप होय. नाव परभाषेत गेले की ते त्या भाषेच्या साच्यात बसते, याचे याहून बोलके उदाहरण विरळा.

अशेरीचेही तेच झाले. १५५६ मध्ये गड पोर्तुगीजांकडे गेला आणि त्यांच्या कागदांत तो ‘आसेरीम्’ झाला. यावरून मूळ मराठी नाव सानुनासिक व दंत्य सकाराचे होते, असे अनुमान करण्याचा मोह होतो. परंतु वसईचे ‘बासाईम्’, मुंबईचे ‘बोंबाईम्’ व आगशीचे ‘आगासाईम्’ ही रूपे शेजारी ठेवावीत. या तिन्ही नावांच्या प्रचलित मराठी रूपांत अन्त्य अनुनासिक नाही. पोर्तुगीज लेखनातील अन्त्य ‘एम’ हे व्यंजन नसून स्वराच्या अनुनासिकतेची खूण आहे. शिवाय वसईतील सकार व आगशीतील शकार एकाच अक्षराने लिहिलेले आहेत. तेव्हा ‘आसेरीम्’ हा पुरावा लिहिणाऱ्याच्या सवयीचा आहे. गावकऱ्यांच्या उच्चाराचा नव्हे. (नकाशांवरून व्युत्पत्ती लावणारांनी एवढे पथ्य पाळले, तरी पुष्कळ कागद वाचेल.)

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १७३७–३९ च्या वसई मोहिमेत हा मुलूख मराठ्यांकडे आला. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या कोटावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. अशेरीही मराठ्यांची झाली आणि १८१८ मध्ये पेशवाईबरोबर तिचे लष्करी महत्त्वही संपले. ‘आसेरीम्’ हे रूप मात्र कागदातच राहिले. पायथ्याच्या बोलीत ‘अशेरी’च टिकली.