मायलेज ठरतं पार्किंगमध्ये

प्लग-इन हायब्रिड मोटारीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि घरच्या सॉकेटवर चार्ज होणारी बॅटरीही. साध्या हायब्रिडची बॅटरी मात्र इंजिन आणि ब्रेक यांच्याकडून मिळणाऱ्या ऊर्जेवरच भरते.

या रचनेमागचा हिशेब रोजच्या अंतराचा. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट विक्रीला आली, तेव्हा जनरल मोटर्स एका पाहणीचा दाखला देत असे: सुमारे ७८ टक्के अमेरिकी नोकरदारांचं कामावर जाणं-येणं दिवसाला ४० मैलांत, म्हणजे ६४ किलोमीटरमध्ये आटोपतं. मग कधीतरीच्या लांब प्रवासासाठी भलीमोठी, महाग बॅटरी रोज कशाला वागवायची? व्होल्टला १६ किलोवॉट-तासांची बॅटरी मिळाली. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजमापानुसार ती विजेवर ५६ किलोमीटर जाई. पुढचं इंजिन बघून घेई.

शहरातल्या गर्दीत ही वीज चांगलीच कामी येते. पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या मोटरीत हा अपव्यय फार कमी. शिवाय वेग कमी करताना तीच मोटर जनित्र बनते आणि थोडी ऊर्जा बॅटरीत परत भरते.

नेमाने चार्जिंग करणाऱ्याच्या टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच पडून राहू शकतं. पेट्रोल जुनं झालं की खराब होतं. त्यामुळे टाकीतलं इंधन वर्षभराहून जुनं झालं की व्होल्ट स्वतःच इंजिन सुरू करून ते संपवू लागते.

युरोपात नेमकं उलट दिसलं. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांमधल्या इंधनमापकांच्या नोंदी युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केल्या. प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. चाचणीच्या सूत्रात किती किलोमीटर विजेवर जातील हे गृहीत धरलेलं असतं आणि ते गृहीतक फारच उदार होतं. ‘आयसीसीटी’ या संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार युरोपातले खासगी मालक निम्म्याहून थोडं कमी अंतर विजेवर कापत. कंपनीच्या गाड्यांत हे प्रमाण जेमतेम ११ ते १५ टक्के होतं. पेट्रोलचा खर्च कंपनी देणार आणि विजेचं बिल घरी येणार, असं असेल तर वायर डिकीतच राहते. चार्ज न केलेली बॅटरी मग नुसतं ओझं होते आणि इंजिनाला तेही ओढावं लागतं. २०२५ पासून युरोपने नव्या मॉडेलांसाठी हे गृहीतक कडक केलं आहे.

भारतात अशा गाड्या अजून मोजक्या आणि महागड्या आहेत. घ्यायचीच झाली, तर ब्रोशरमधला मायलेजचा आकडा नंतर बघावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या मीटरवरचं सॉकेट मिळेल का आणि रोजचं अंतर बॅटरीच्या आवाक्यात आहे का, हे आधी पाहावं. दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर साधी हायब्रिडच बरी.