मोटारींतील ब्लूटूथ आणि एकत्र कुटुंब

गेल्या श्रावणांत आम्ही नाशिकहून सहकुटुंब त्र्यंबकेश्वरास निघालों होतों. अंगणांत मोटार सुरू होतांच तिच्या स्टीरिओंतून धाकट्या सूनबाईंचा आवाज सर्वांच्या कानीं पडला! त्या अजून माडीवरच होत्या व फोनवर आपल्या आईपाशीं मन मोकळें करीत होत्या. त्या ओशाळल्या, त्यांहून अधिक आम्ही.

ब्लूटूथच्या लहरी सुमारें १० मीटर, म्हणजे माडीपर्यंतही पोंचतात. एकदां जोडलेला मोबाइल स्टीरिओ लक्षांत ठेवतो व जवळ आढळतांच आपण होऊन जोडून घेतो. घरांत पांच-सहा मोबाइल असले म्हणजे हवा तो राहून भलताच जोडला जातो. आणि स्टीरिओची यादी भरली म्हणजे कित्येकदां नवा मोबाइल जोडलाच जात नाहीं.

यावर उपाय सोपा आहे. स्टीरिओंतील जुनीं नांवें पुसावीं आणि मोबाइलमधूनही मोटारीचें नांव काढावें. एकीकडेच पुसल्यास जोडणी पुनः अडते. नंतर दोन्ही यंत्रें बंद करून सुरू करावीं, हांकणाराचा मोबाइल प्रथम जोडावा, व दोहोंकडे दिसणारा आंकडा जुळतो कीं नाहीं हें पाहावें. इतरांस केवळ गाणींच ऐकावयाचीं असल्यास बहुतेक मोबाइलमध्यें त्या मोटारीपुरते कॉल बंद ठेवतां येतात.

मात्र हें सर्व मोटार उभी असतांनाच करावें, रस्त्यांत कदापि नव्हे. आम्हीं तर त्याच दिवशीं, निघण्यापूर्वीं, सूनबाईंच्या समक्ष त्यांचें नांव स्टीरिओंतून पुसलें.