औषधाच्या खिडकीपलीकडे

रुग्णालय म्हटले की सर्वसाधारणपणे आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि परिचारिका येतात. औषधाच्या खिडकीत बसणारे मात्र 'गोळ्या देणारे' एवढेच आपल्याला ठाऊक असतात. वास्तविक १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपविले आहे. आम्ही बँकेत धनादेशावरील तारीख, रक्कम व सही पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. त्याचप्रमाणे औषधनिर्मात्याने औषधाचे नाव, मात्रा व रुग्णाचे वय पडताळावयाचे असते आणि शंका आल्यास थेट डॉक्टरांना विचारावयाचे असते. फरक इतकाच, की आमच्याकडील चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी उलटविता येते.

आपल्या सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'मध्ये, धाराशिवपासून कर्नाटकाच्या सीमाभागापर्यंतचे रुग्ण येतात. कोणी कानडी बोलतो, कोणी तेलुगू. अशा रुग्णाला 'जेवणानंतर एक' हे त्याला समजेल असे सांगणे हाही उपचाराचाच भाग होय. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने लघवी तांबूस-नारिंगी होते. हे आधी न सांगितल्यास रुग्ण घाबरून औषध सोडतो, आणि अर्धवट सोडलेला क्षय पुढे औषधांना दाद देईनासा होतो. तीच गोष्ट इन्सुलिनची. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. पण ती बर्फाच्या कप्प्यात गोठली तर निकामी होते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांना माठाच्या गारव्याचा उपाय कोणीतरी सांगायला हवा ना?

खिडकीमागे आणखी एक काम चालते, ते म्हणजे साठ्याची नोंद. जवळची मुदत असलेले औषध आधी द्यावयाचे आणि प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक लिहून ठेवावयाचा. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काय झाले ते आठवावे. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आले आणि १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाच्या चौकशीत खरेदी व तपासणीतील गैरव्यवहार उघडकीस आले. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे खोकल्याच्या औषधातून हेच रसायन लहान मुलांच्या पोटात गेले. तेव्हा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा वापर थांबविण्यास सांगितले. असे विष डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे मान्य. मात्र रुग्णालयाची वही चोख असेल तरच ती बॅच कोणत्या कक्षात गेली हे तासाभरात कळते. माझ्या मते या वहीची किंमत आपण फारच कमी लावतो.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडी माहिती. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची पदविका व ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, किंवा चार वर्षांची पदवी, असे दोन मार्ग आहेत. त्यानंतर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. रुग्णालयातच काम करावयाचे असेल, तर ते ५०० तास शक्यतो मोठ्या रुग्णालयात काढावेत. कानडी, तेलुगू कामापुरती तिथेच कानावर पडते.