आजचा टप्पा

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे अशी सलग तीन अंगांची शर्यत. तिचा एक प्रकार डोंगरातील कच्च्या वाटांवर होतो. शर्यत एका दिवसाची. तयारी मात्र कित्येक महिन्यांची. खरी कसोटी तयारीतच लागते. नागपूरचे मे महिन्यातील ऊन, पावसाळ्यातील चिखल, पहाटेची गोड झोप! मन म्हणते, "आज राहू दे."

अशा वेळी काय करावे? मोठ्या कामाचे छोटे भाग करावेत. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ साली रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९१०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. ती १५ टप्प्यांची होती. एका दिवसात एवढे अंतर कोणालाच जमणार नाही. पण आजचा टप्पा जमतो.

म्हणून सरावाची वेळ ठरवा. सोबती वाट पाहत असला, की अंथरूण सोडावेच लागते. वहीत रोज नोंद करा. मागची पाने उलटली, की प्रगती दिसते. विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे. एखादा दिवस चुकला, तर खचू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघा.

उर्दूत आपण 'कतरा कतरा दरिया' म्हणतो. मराठीत म्हणतात, 'थेंबे थेंबे तळे साचे.'