प्रवाळाची लावणी

मन्नारच्या आखातातील २१ बेटांभोवतीच्या प्रवाळभित्ती लाटांचा जोर मोडतात व माशांना आसरा देतात. चुन्यासाठी तेथील प्रवाळ अनेक वर्षे खणून नेण्यात आले. उजाड तळावर २००२ पासून प्रवाळाची लावणी करण्यात येत आहे. ती उसाच्या कांडीच्या लावणीसारखी दिसते. प्रवाळ मात्र वनस्पती नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय.

निरोगी वसाहतीची बोटभर फांदी सिमेंटच्या लादीवर बांधतात. सारे यश या बांधणीत आहे. लाटेने हलणारा तुकडा बुडाशी झिजतो व धरत नाही. पक्का बसलेला तुकडा कालांतराने स्वतःच लादीवर पसरून चिकटतो. गाळ साचणारी जागा टाळावी. दोन जातींत अंतर राखावे, कारण प्रवाळ शेजाऱ्यास दंश करतो. शेवाळाची निंदणी तर शेतातल्यासारखीच करावी लागते.

२०१६ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला व पुष्कळ प्रवाळ पांढरे पडून मेले. लावलेल्या प्रवाळासही त्याची झळ बसली.

मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. वन्यजीव कायद्याने त्यांस संरक्षण असल्याने अशी लावणी परवानगीवाचून करता येत नाही. मोडून पडलेली फांदीदेखील कोणी घरी नेऊ नये, हे ग्रामसेवकांनी मच्छीमार बांधवांस समजावून सांगावे.